सोडणाऱ्याचा हक

"दावं खाली ठिव, चैते. सोडलेला हाय त्यो."

बंकट आबा देवळाच्या पायरीवरून उठलेही नव्हते, पण आवाज असा लावला की पारावर डुलक्या घेणारे जागे झाले. चैताली दाव्याचा फास करून उभी होती. तिच्यासमोर, महादेवाच्या देवळाची भिंत जेवढी सावली देत होती तेवढ्यात अंग बसवून, पोळ, म्हणजे देवाला सोडलेला बैल, उभा होता. एके काळी त्याची पाठ इतकी भरलेली होती की साळुंक्या तिच्यावर बसून भांडायच्या. आता कातडं बरगड्यांवर वाळत घातल्यासारखं दिसत होतं, आणि तोंडात लग्नपत्रिकेचा लाल तुकडा होता. पोळ तो चावत नव्हता, नुसता धरून होता.

"आबा, मरंल ना त्यो," चैताली म्हणाली. "परवा हौदापाशी बसला तर उठंना. तुमीच शेपूट धरून उठिवलंय त्याला."

"उठिवलं. पण दावं लावलं का? देवाच्या नावानं मोकळा सोडलाय. त्याला बांधायचं न्हाई, जुंपायचं न्हाई, इकायचं न्हाई. ज्यानं सोडला त्याला बी परत धरायचा हक न्हाई. इचार तुझ्या मायला. तिनंच सोडलाय."

"आयनं सोडलाय. म्या न्हाई सोडला."

आबा पागोटं काढून पुन्हा बसवू लागले. तेवढ्यात पारावरून कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "सोडलेली निगाली सोडलेल्याला धरायला."

दोघंजण हसले. चैतालीनं मान वळवली नाही. दाव्याचा फास मात्र तिच्या हातात सैल झाला.

"गप बे!" बंकट आबा एकदम गरजले. हसू थांबलं. आबा पायरीवरून उठले, काठी टेकत पोळापर्यंत आले आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहिले. मग हळू आवाजात, तिला एकटीलाच म्हणाले, "दावं नगं. घरून भाकरी घिऊन ये. भाकरी दावीत म्होरं चाल. मागं आला तर त्याच्या मनानं आला. मंग कुणाला काय म्हणायचं काम न्हाई."

चैताली घरी गेली. बायनाबाई चुलीपुढेच बसली होती. लेकीनं सांगितलं ते ऐकून घेतलं आणि पिठाच्या डब्यात हात घातला.

आठ वर्षांपूर्वी तिचा बाप शहादेव गेला तेव्हा चैताली दहावीत होती. शहादेव विहिरीच्या मोटारीवर काम करताना छातीला हात लावून खाली बसला तो बसलाच. तेराव्याला भावकीनं सांगितलं, एक गोऱ्हा सोडावा, त्याच्या वाटेला बरं. घरच्या गाईचा दीड वर्षांचा गोऱ्हा होता, पांढरा, कपाळावर राखी ठिपका असलेला. लोहारानं सळई तापवून त्याच्या मांडीवर त्रिशूळ उमटवला. त्या वेळी बायनाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मग तिला पुढं बोलावलं, गोऱ्ह्याच्या गळ्यातलं दावं तिच्या हातानं काढायला लावलं, आणि पाठीवर थाप मारून म्हणायला लावलं, "सोडला."

तो कुठं गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. हाकलायचं कसं? तेव्हापासून रोज सकाळी भाकरीचा तुकडा घेऊन मग तो गावाच्या कामाला निघायचा. त्याची कामंही बरीच असत. आष्टीहून येणारी एसटी गावात थांबली की दारापुढं आडवा होऊन उभा राहायचा. वाहक उतरून त्याच्या कपाळाला हात लावून आपल्या कपाळाला लावी, मग गाडी निघे. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाटीत तोंड घालायचा. भेंडीवाली शिव्या द्यायची, पण भेंडी उचलताना एक जुडी कोथिंबीर त्याच्यापुढं टाकायची. एका लग्नात तर त्यानं मांडवात शिरून नवरदेवाचा हार खाल्ला. मुलीचा बाप हात जोडून उभा राहिला आणि वऱ्हाडात सांगत सुटला की महादेवच जेवून गेला.

हे सगळं संध्याकाळपर्यंत बायनाबाईच्या कानावर येई. सकाळी भाकरी देताना ती त्याला बोलायची. "काल परत नवरदेव गाठला का रं? लाज न्हाई वाटत?" एरवी 'अरे' म्हणायची, पण सणावाराला, पुरणाची पोळी पुढं धरताना, तिच्या तोंडून नकळत 'आवं, घ्या' निघून जाई. मग पदर तोंडाला लावून ती एकटीच हसे. लेकीनं ऐकलं असलं तर उगीच भांडी वाजवी.

चैतालीचं लग्न झालं शिरूर कासारच्या बाजूला. नवरा समाधान, बोलायला चांगला, पिकअप चालवायचा. दुसऱ्या वर्षी दिवाळीला त्यानं तिला माहेरी आणून सोडलं. फाटकापाशी गाडी वळवताना म्हणाला, "भाऊबीजेला येतो न्यायाला." आला नाही. मग कळलं, घरात दुसरी आणलीय. भांडण नाही, कोर्ट नाही, कागद नाही. गावानं वर्षभर वाट पाहिली आणि मग तिच्यापुरता एक शब्द ठरवून टाकला. हळदीकुंकवाला बायका तिच्या दारावरून पुढं जायच्या. बारशाला बोलावणं यायचं ते बायनाबाईला. कुणी परकं विचारलं, ही कोण, तर उत्तर मिळे, "ती व्हय, शहादेवची. सोडलेली हाय."

तोच शब्द. पोळाबद्दल बोलताना लोक तो शब्द हात कपाळाला लावून म्हणत आणि तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणून. चैतालीला सुरुवातीला पोळाचा रागच यायचा. तो दारात आला की ती आत निघून जाई.

मग हा दुष्काळ आला. तळं तळाला गेलं, कडबा मिळेना, ज्यांना जमलं त्यांनी जनावरं सरकारी चारा-छावणीत नेली. गावात गोठे रिकामे झाले आणि दारोदार फिरणाऱ्या पोळाला द्यायला कुणाकडे काही उरलं नाही. बायनाबाईची भाकरी तेवढी चालू होती. पण एवढ्या मोठ्या जनावराला भाकरीनं काय होणार? एका दुपारी चैतालीनं त्याला उकिरड्यावर पिशवी चघळताना पाहिलं. तिनं जवळ जाऊन त्याच्या जबड्यात हात घातला आणि प्लॅस्टिक ओढून काढलं. त्यानं मान हलवली नाही, नुसतं बघितलं. त्या दिवशी तिनं ठरवलं, ह्याला छावणीत न्यायचं.

इकडं चुलीवर भाकरी झाल्या. बायनाबाईनं फडक्यात बांधून लेकीकडे दिल्या. "मी यीत न्हाई," ती म्हणाली. "म्या सोडलाय. मी म्होरं चालले तर धरल्यावानी व्हईल." पण फाट्यापर्यंत ती मागं मागं आलीच, आणि तिथं एका दगडावर बसून दोघं दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.

छावणी फार लांब नव्हती, तरी त्या उन्हात ती वाट सरता सरेना. चैताली पुढं, भाकरीचा तुकडा मागं धरून. पोळ मागं, चार पावलं टाकून थांबायचा. एका बाभळीखाली त्यानं बसकण मारली. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"ऊठ ना रं. लई न्हाई आता. तिथं ऊस हाय म्हणं. ऊस खाल्लाय का कधी सरळ? का आडून बसलास?"

तो डोळे मिटून घ्यायला लागला. तिला रडू येईल असं वाटलं, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बंकट आबा हातात पाण्याची कळशी घेऊन येत होते, घामानं भिजलेले आणि स्वतःशीच पुटपुटत.

"मला काय काम न्हाई का घरी… म्हातारपणी ही वरात…" त्यांनी कळशी पोळाच्या तोंडापुढं धरली. तो प्यायला, फुरफुरला, आणि आबांच्या धोतरावर उरलेलं पाणी उडवून उठून उभा राहिला.

छावणीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत रामकिसन बसला होता. येणाऱ्या प्रत्येक जनावराची नोंद करून त्याच्या कानात बिल्ला मारायचं काम त्याच्याकडे. माणूस वाईट नव्हता, उन्हानं वैतागलेला होता.

"मालक कोण?"

"ह्याला मालक न्हाई," चैताली म्हणाली. "सोडलेला पोळ हाय."

रामकिसननं बसल्या जागी पोळाला हात जोडले. मग म्हणाला, "पण बाई, मालक न्हाई तर चारा कुणाच्या नावावर टाकू? तपासणीला साहेब येत्यात, इचारत्यात. देवाचं नाव लिवून भागतंय का?"

"माझ्या नावावर लिव," आबा म्हणाले.

"तुमची हायेत की आबा आधीच. एका नावावर ठरल्यापेक्षा जास्ती चालत न्हाईत."

"माझं नाव लिवा," चैताली म्हणाली.

रामकिसननं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं. "बरं. चैताली… म्होरं? नवऱ्याचं नाव सांगा."

मागं ट्रॅक्टरमधून ऊस उतरवणारी माणसं मध्येच थांबून बघायला लागली.

"शहादेव," बंकट आबा मागून म्हणाले. "बापाचं नाव लिव. आमची लेक हाय ती."

"आवं, पण लग्न…"

"लग्न झालं आसंल न्हाई तर नसंल, तुला काय करायचंय बे? पोळ तिच्या मागं चालत आलाय. तुझ्या न्हाई, माझ्या न्हाई. लिव."

रामकिसननं लिहिलं. बिल्ला मारताना पोळ जरासा थरथरला, आणि चैतालीनं त्याचं तोंड आपल्या पोटाशी धरलं.

बांधल्याशिवाय छावणीत जनावर ठेवता येत नव्हतं. आबांनी तोंड फिरवून घेतलं. चैतालीनं दावं लावलं ते असं की एका हिसक्याला गाठ सुटावी. पोळानं कधी हिसका दिला नाही. समोर हिरवा चारा पडला तेव्हा त्यानं आधी वास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि मग असा खायला लागला की शेजारच्या म्हशी मान वर करून बघत राहिल्या.

ती तिथंच राहिली. छावणीत पुष्कळजण राहत होते. हिरव्या जाळीखाली जनावरं, बाजूला तीन दगडांची चूल, बाजा, पाण्याचे ड्रम, म्हातारीकोतारी. पोळ आलाय हे कळल्यावर बायका येऊ लागल्या. कुणी हळद लावून जाई, कुणी मूठभर पेंड ठेवून जाई. शेजारच्या दावणीला पारूबाई होती, आष्टीच्या पलीकडची, दोन गायी घेऊन आलेली, तोंडात कायम तंबाखू. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुपला का गं ह्यो?"

"मपला न्हाई. मी बघती नुसतं. सोडलेला हाय."

"आन तू?"

चैतालीनं चारा पसरणं थांबवलं नाही. "मी बी," ती म्हणाली.

पारूबाईला जे हसू फुटलं ते आवरेना. "आगं माझे माय! मंग मी कोन? मला बी सोडलंय की! माझा तर तीस वर्सं झाली, पुण्याला गेलाय त्यो डाळिंब इकायला. आजून इकतोयच!"

चैताली बघत राहिली आणि मग तीही हसली. पोट धरून, खाली बसून हसली. दोन वर्षांत तिला इतकं हसल्याचं आठवत नव्हतं. त्या दिवसापासून पारूबाईची चूल आणि तिची चूल एक झाली.

बायनाबाई दर दोन-चार दिवसांनी चालत यायची. आली की पोळापासून जरा दूर बसायची, हात लावायची नाही. लांबूनच म्हणायची, "अंग धरलंय गं. डोळ्यात तेज आलंय." एकदा पारूबाईनं विचारलंच, "आवं, जवळ जा की. तुमच्याच गाईचा ना?"

"न्हाई बाई," बायनाबाई म्हणाली. "सोडलं म्हंजी सोडलं. देताना रडले, आता घेताना हसू काय? सोडणाऱ्याचा हक ऱ्हात न्हाई. त्यो आपणहून दारात आला तर त्याची मर्जी. आपुन जाऊन धरायचं न्हाई." आणि मग चोरटेपणानं, "पर पाठीवरची ती गोचीड तेवढी काढ गं चैते, मघापासून बघायलेय मी."

समाधान आला तो एका दुपारी, मोटरसायकलवर. गाडी टपरीपाशी लावून विचारत विचारत आला. चैताली कोयत्यानं ऊस तोडून बारीक करत होती. तिनं त्याला लांबूनच ओळखलं. चालण्यावरून. हात थांबला नाही, पण वार एकदा चुकला.

तो वाळला होता. शर्टाचं वरचं बटण नव्हतं आणि कॉलर आतल्या बाजूनं फाटली होती. चैतालीच्या मनात आधी तेच आलं, की ह्याला कुणी बटण लावून देत नाही.

"पिकअप इकला," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "ती बी गेली. तिच्या भावाकडं." थोडा थांबला. "आय आजारी हाय. घर… घर काय घर ऱ्हायलं न्हाई. मणून आलतो. चल."

पारूबाई पलीकडे गाईला पाणी पाजत होती. ती पाजत राहिली, बादली रिकामी झाली तरी.

"बसा," चैताली म्हणाली. "जेवलाव का?"

तिनं पोतं पसरलं. सकाळची भाकरी, ठेचा, पारूबाईच्या चुलीवरचं पिठलं असं ताटात वाढलं. तांब्या भरून ठेवला. तो खाली मान घालून जेवला. भूक लागलेली होती, दिसतच होतं. तिनं न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली. पूर्वी त्याला ठेचा आवडत नसे. आता त्यानं तो बोटानं पुसून खाल्ला.

हात धुतल्यावर तो म्हणाला, "मी काय तुला सोडलं न्हवतं चैताली. लिवून दिलतं का कुटं? चार लोकांत बोललोय का? उलट लोक म्हणतेत, तुझी बायकोच हाय, जाऊन आण."

चैताली कोयता पुसत होती. "ह्या पोळाला सोडलं तवा मी तिथं होते," ती म्हणाली. "चार लोकं होती. डाग दिला. आयनं तोंडानं म्हणलं, सोडला. त्याला कळलं, गावाला कळलं, आपुन आता मोकळं. मला तुमी फाटकापाशी उतरवलं आन म्हणलाव, भाऊबीजेला येतो. मी भाऊबीजेला साडी नेसून बसले होते. तुळशीच्या लग्नाला बी. संक्रांतीला बी."

समाधाननं तांब्या उचलून पुन्हा खाली ठेवला.

"जनावराला बी सांगून सोडत्यात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. आणि ते तो खरंच म्हणत होता, तिला कळलं. म्हणूनच तिला पुढचं बोलायला वेळ लागला. पोळ मागं ऊस चावत होता, तेवढाच आवाज.

"आयनं आठ वर्सं त्याला भाकरी घातली, पण धरलं न्हाई. मरायला लागला तरी तिनं धरलं न्हाई. म्हणती, सोडणाऱ्याचा हक ऱ्हात न्हाई." तिनं कोयता खाली ठेवला. "तुमच्या आयला माझा नमस्कार सांगा. त्या मला कधी वाईट बोलल्या न्हाईत. दवाखान्यात न्यायचं काही आसंल तर आष्टीला आणा, मी येऊन बसन त्यांच्याजवळ. पर घरी न्हाई यायची."

"मंग काय हितं छावणीत जलम काढणार का?"

"छावणी उठंल. मंग बगू."

तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. पोळाकडे पाहून, सवयीनं, त्यानं हात कपाळाला लावला. मग वळून तिच्याकडे पाहिलं, आणि हात तिथंच, कपाळापाशी, जरासा अडला. खाली घेतला. गेला. मोटरसायकल पहिल्या किकेला सुरू झाली नाही; दोनदा, तीनदा आवाज आला. चैताली तोपर्यंत कान देऊन उभी होती. सुरू झाली तशी ती खाली बसली.

पारूबाई आली, शेजारी टेकली.

"पोरगं वाईट न्हवतं दिसत," पारूबाई म्हणाली.

"न्हवतंच," चैताली म्हणाली.

टँकर आल्याची हाक झाली. बायका घागरी घेऊन धावल्या, पारूबाईही उठली. चैतालीनं त्याचं उष्टं ताट ओढून घेतलं. चुलीतली राख घेऊन ते तिनं सावकाश घासलं, कडा, मध्य, पुन्हा कडा. ओंजळभर पाण्यात विसळलं, पदरानं कोरडं केलं, आणि इतर भांड्यांच्या ओळीत नेऊन पालथं घातलं. मग घागर उचलून ती टँकरकडे निघाली.